म्हस्कूतात्यानं तारंला पीळ दिला

आमचं म्हस्कूतात्या मेंढरामागं शाळा सुटलेलं. पुढं मेंढरं गेली, तात्या बारामतीत वायरमनचं काम शिकलं आन सणसर ते बावडा सोलर बसवत हिंडलं. खोड एकच. वायरी दिसल्या की पोरीच्या केसागत त्यांची वेणी घालणार! बघणारानं वा म्हणावं अशी.

सणसरच्या सारजाकाकीकडं अंडी उबवायचं मशीन हाय. तितं तात्यानं नवा इन्व्हर्टर आन बॅटरी बसवली. बॅटरी एका बारीक वायरीतनं इन्व्हर्टरला निरोप देती, किती भरलीय, किती तापलीय. निरोप तुटला की इन्व्हर्टर भिऊन बंद. ती वायर आखूड पडली, म्हणून तात्यानं दोन सुट्या तारा जोडल्या आन मशीनच्या पंख्याच्या जाड वायरीसंगं वेणीत आवळल्या.

अंडी मशीनात ठेवल्यापासनं इसाव्या दिशी भर दुपारी लाईट गेली. आत हजार अंडी, पिल्लं आतनं कवचाला टोचा मारायलेली. पंखा घुर्र झाला आन इन्व्हर्टर गप. इन्व्हर्टरच्या पाटीवर काय, तर बॅटरी सापडत न्हाय!

"आरं, समोर बसलीय की!" तात्या इन्व्हर्टरवरच खेकसलं.

"तुमच्यावानीच हाय त्यो," सारजाकाकी म्हणाली. "चष्मा डोक्यावर आन हुडकतंय गावभर. माझी पिल्लं मेली तर तुमालाच मशीनमदी बसवीन, तात्या."

पंखा बंद केला, इन्व्हर्टर चालला. पंखा लावला, गप. पर पंख्याबिगर पिल्लं गुदमरणार. तात्यानं कपाळ बडवलं.

"काकी, जाड वायर बोंबलतीया. बारकीला म्या भर बाजारात कानात बोलाया लावलं!"

"मग उठवा की तिला बाजारातनं!"

बटणं पाडून तात्यानं आपली लाडकी वेणी कराकरा कापली. बारक्या तारा मांडीवर घेतल्या, लोकरीच्या सुताला देत्यात तसा पीळ दिला आन पंख्यापासनं लांब, पार पल्याडच्या भिंतीवरनं नेल्या.

"पिळात गोंगाट दोन्ही तारंला सारखाच लागतोय, म्हणून कटतोय, निरोप वाचतोय. बारामतीच्या मास्तरनं सांगितलं व्हतं. म्या डुलकी काढत व्हतो."

पंखा घुरला. बॅटरी सापडली! सांजच्याला पयलं पिल्लू ओलंचिंब भाईर आलं, मग धा, मग मोजायचं कुणी? तात्या पुठ्ठ्याचं खोकं ढोलागत बडवत धनगरी गजी नाच नाचलं. काकी पदर खोचून मागं.

गेल्या म्हयन्यात तात्या गेलं. सारजाकाकी आली, आमच्या उंबऱ्यावरच बसली. "आता पंखा अडला तर शिव्या कुणाला देऊ रं?" म्हणाली. हसाय लागली आन हसता हसता रडली.

परवा काकीकडं लाईट गेली व्हती. पीळ तसाच हाय. पंखा घुरला, बॅटरी सापडली, आन पिल्लांनी नुसता कालवा केला.