ओव्हाळ वकिलांची नवी विंडोज

ओव्हाळ वकिलांचा लॅपटॉप बोलत होता आणि मला त्यातला एक शब्दही कळत नव्हता. रेडिओची सुई भराभरा फिरवल्यावर येतो तसा आवाज. वकीलसाहेब मान थोडी कलती करून निवांत ऐकत होते. मधेच त्यांनी कीबोर्डवर बोट मारलं. आवाज थांबला.

"ऐकलं का जगतापभाऊ? पुन्हा मधी घुसली. सकाळपासून युक्तिवाद लिहितोय, अन् ही सूचना दर टायमाला येऊन माझी ओळ तोडती."

सूचना अशी होती की या विंडोजचा सपोर्ट संपतोय, नवीन घ्या. त्या काळात सगळ्या बीडमध्ये हीच सूचना झळकत होती आणि माझा फोन दिवसभर वाजत होता. कॉम्प्युटर दुरुस्त करणं हा माझा धंदा. कोर्टाच्या मागच्या गल्लीतले बरेच वकील माझी गिऱ्हाइकं. पण ओव्हाळ वकिलांची गोष्ट वेगळी होती.

ते मूळचे पाटोद्याकडचे. शाळेत असतानाच त्यांची नजर गेली. त्यांच्या लॅपटॉपवर स्क्रीन रीडर आहे. म्हणजे स्क्रीनवर जे लिहिलेलं असेल ते मोठ्याने वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर. माउसला ते हात लावत नाहीत, सगळं काम कीबोर्डवर. इतकी वर्षं भरधाव वेगात ऐकून त्यांचा कान असा तयार झालाय की आपण डोळ्यांनी वाचू त्याच्या आत ते कानांनी वाचून मोकळे होतात. कोर्टात उभे राहतात तेही एका कानात इअरफोन घालून.

मी म्हणालो, "साहेब, आजच करून टाकू. तुमचं मशीन नव्या विंडोजला चालतंय. दुपारपर्यंत होईल."

"आजच कावून?"

मी समजावलं. विंडोजमध्ये अधूनमधून भोकं सापडतात. कंपनी ती बुजवत असते. सपोर्ट संपला की बुजवणं बंद. मग इंटरनेटवरून कुणीही आत शिरू शकतो, आणि तुमच्याकडे तर पक्षकारांची कागदपत्रं.

"म्हंजे करायचं हाय, हे पक्कं. कधी अन् कसं, एवढंच ठरवायचं राहिलं." त्यांनी खुर्ची माझ्याकडे वळवली. "केल्यावर नाही जमलं तर आत्ता हाय तसं परत मिळंल का?"

"बहुतेक मिळेल."

"बहुतेक नको. खालच्या कोर्टात हरलो तर वर अपील असतं, म्हणून आमी धीरानं लढतो. तुमच्याकडं अपिलाची सोय काय?"

हा प्रश्न मला आजवर कुणी विचारला नव्हता. मी विचार करून सांगितलं, "जुन्या डिस्कला हातच लावायचा नाही. ती काढून ठेवू. नवी डिस्क टाकू, तिच्यावर नवी विंडोज. नाही जमलं तर स्क्रू काढून जुनी परत बसवायची."

"हे आवडलं. पण कमलबाईचं झाल्यावर."

कमलबाई तलवाड्याच्या. एका शाळेत शिपाई होत्या. त्या स्वतःहून यायच्या बंद झाल्या असं म्हणून संस्थेने त्यांना काढलं होतं. नवरा नाही, पदरात दोन मुली. त्यांचा शेवटचा युक्तिवाद पुढच्याच आठवड्यात होता. अशा वेळी मशीन बदलायचं नाही, हे वकीलसाहेबांनी ठरवून टाकलं. तोवर त्या लॅपटॉपचं इंटरनेट बंद. मेल फोनवर बघायचे.

पण पुढच्या आठवड्यात समोरच्या वकिलांनी मुदत मागितली आणि तारीख गेली दिवाळीच्या सुट्टीनंतर. मला वाटलं, आता आमचं कामही तितकंच पुढे गेलं. तर त्याच संध्याकाळी फोन.

"भाऊ, सुट्टी लागली की या."

"पण युक्तिवाद झाल्यावर म्हणाला होतात ना?"

"म्हणलो होतो. पण कोर्टातल्या तारखेचा काय भरवसा? रिकामे दिवस मिळालेत, ते घ्यायचे. चुकलं तर सुधरायला टाइम हाय, अन् जुनी डिस्क हायच."

सुट्टीच्या पहिल्या सकाळी मी त्यांच्या घरी गेलो. डिस्क बदलली, नवी विंडोज टाकली, स्क्रीन रीडर टाकला, फाइली आणल्या. सगळं उघडून पाहिलं. स्क्रीन रीडर छान बोलत होता. मी म्हणालो, "झालं साहेब."

"स्क्रीन काळी करा."

"अं?"

"तुमी बघून सांगताय झालं म्हणून. मला बघता येत न्हाई. स्क्रीन काळी करा अन् बंद करून चालू करा."

मी केलं. लॅपटॉप सुरू झाल्याची घरघर आली आणि मग काहीच नाही. आम्ही दोघं त्या काळ्या स्क्रीनसमोर बसून राहिलो.

"आता हे सुरू व्हायलंय, का पासवर्ड मागतंय, का अडकलंय?" त्यांनी विचारलं.

मला सांगता येईना. उजेड वाढवून पाहिलं तर पासवर्डचा चौकोन शांतपणे उभा होता. स्क्रीन रीडर पासवर्ड टाकल्यानंतर सुरू होत होता. त्याच्या आधीच बोलायला लागण्यासाठी एक वेगळी सेटिंग असते, तिथे टिक करावी लागते. जुन्या मशीनवर ती कुणीतरी कधीच केलेली. डोळे असणाऱ्याला त्या टिकचं काम कधी पडत नाही. ती केली, पुन्हा बंद-चालू केलं, आणि पासवर्डच्या आधीच आवाज आला.

"बरं झालं, घरात कळलं," एवढंच ते बोलले. मग त्यांनी मला सोडलं नाही. फाइल शोधणं, साक्षीतलं पान काढणं, प्रिंट, स्कॅन, कोर्टाची वेबसाइट. त्यांचा सगळा दिवस आम्ही काळ्या स्क्रीनवर जगून पाहिला. आणखी दोन ठिकाणी अडलं, ते तिथेच दुरुस्त केलं.

एक गोष्ट मात्र दुरुस्त होईना. स्क्रीन रीडरचा त्यांचा जुना मराठी आवाज, तो पुरुषाचा, नव्या विंडोजवर चालत नव्हता. बनवणाऱ्यांनी तो केव्हाच बंद केला होता. नवा आवाज बाईचा होता. त्यांनी दोन परिच्छेद ऐकले आणि आवाज थांबवला. त्यांच्या पत्नी, सुजाता वहिनी, दारात उभ्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "तो आवाज यांच्या कानाला घरातल्या माणसासारखा झाला होता हो."

मी म्हणालो, "साहेब, जुनी डिस्क लावू का परत?"

"न्हाई." त्यांनी आणखी एक परिच्छेद ऐकला. "ही बाई वाक्य संपवताना आवाज खाली सोडती. पूर्णविराम हाय का स्वल्पविराम, कळत न्हाई. पण नजर गेली तवा ब्रेल शिकलो. ब्रेलवरून त्या बुवाला शिकलो. आता हिला शिकायचं. वेग कमी करून द्या."

सगळी दिवाळी त्यांनी त्या आवाजात वर्तमानपत्रं ऐकली, जुने निकाल ऐकले. वहिनी सांगत होत्या की रोज वेग थोडा वाढवायचे, कपाळाला आठ्या घालून बसायचे. घरात फराळ चालू आणि हे इअरफोन लावून विद्यार्थी झालेले.

युक्तिवादाच्या दिवशी मी कोर्टात गेलो. बोलावलं नव्हतं, राहवलं नाही म्हणून गेलो. जुनी डिस्क वहिनींच्या पर्समध्ये होती. कमलबाई मागच्या बाकावर पदर घट्ट धरून बसल्या होत्या.

मधेच जज्जसाहेबांनी विचारलं, "वकीलसाहेब, मुख्याध्यापकांनी उलटतपासणीत याबद्दल नेमकं काय सांगितलंय?"

समोरचे वकील पानं उलटू लागले. ओव्हाळ वकिलांची बोटं कीबोर्डवर चार-सहा वेळा पडली. मान किंचित कलली. मग पान क्रमांकासकट त्यांनी शब्दन् शब्द सांगितला. बाई यायच्या बंद झाल्या असं संस्था ज्या दिवसापासून म्हणत होती, त्या दिवशी शाळेची घंटा कमलबाईंनीच दिली होती, हे मुख्याध्यापकांनी कबूल केलं होतं. समोरचे वकील तेव्हाही पान शोधत होते.

निकाल पुढच्या महिन्यात लागला. कमलबाईंना कामावर परत घ्या, असा. त्यांनी वकीलसाहेबांच्या ऑफिसात पेढे आणले, त्यातला एक मलाही मिळाला.

मी विचारलं, "नवी बाई कशी आहे, साहेब?"

"कायद्याचे शब्द लई साफ म्हणती. माझं आडनाव मात्र अजून धड येत न्हाई तिला."

त्यानंतर मी बऱ्याच जणांना नवी विंडोज टाकून दिली. मशीन नेण्याआधी एक दिवस शेजारी बसून गिऱ्हाइकाचं काम बघतो. लोकांना वाटतं, मी चहासाठी रेंगाळतोय. वाटू दे.