परशाचा फाऊल

प्रॅक्टिस संपली की आम्ही फणसाखाली बसतो आणि कुणीतरी जुना किस्सा उकरून काढतोच. इतके साठलेत की खेळापेक्षा बडबडच जास्त! हल्ली मात्र सगळे किस्से फिरून आमच्या टीमच्या परशापाशीच येतात.

आमचा खेळ अल्टिमेट. प्लास्टिकची चपटी डिस्क, एका बाजूला सात जण, मुलगे-मुली एकत्र. डिस्क घेऊन पळायचं नाही, फक्त फेकायची. समोरच्या टोकाच्या पट्ट्यात आपल्या माणसानं झेलली की पॉइंट, खाली पडली की डिस्क समोरच्या बाजूची. मी कॅप्टन, वयानं थोरली, म्हणून सगळ्यांची अक्का.

आणि अंपायर नाही! आपल्यावर फाऊल झाला तर आपणच ओरडायचं. समोरच्यानं 'मान्य' म्हटलं तर डिस्क आपली, नाहीतर ती परत फेकणाऱ्याकडे. हे ऐकून परशाचे वडील महादेवमामा म्हणाले, "अंपायर न्हाई? मग हरल्यावर शिव्या कुणाला द्यायच्या?"

*

मैदान जंगलाला चिकटून. एकदा डिस्क रानात गेली आणि नेमका एक गवा तिच्यावर येऊन उभा राहिला. आमच्याकडे डिस्क एकच! नियम असा, की समोरच्यानं दहा आकडे मोजेपर्यंत ती फेकायचीच. परशानं लांबूनच गव्यासाठी आकडे मोजायला सुरुवात केली, "एक... दोन..."

नवाला गव्यानं मान वर केली. दहा ऐकायला मैदानात कुणी उरलंच नव्हतं.

*

बेळगावच्या स्पर्धेत समोरचे बुटांत, आम्ही अनवाणी. शेवटच्या पॉइंटची डिस्क आमच्या सावित्रीनं झेलली, आम्ही नाचायला लागलो. ही बाई म्हणते, "माझा पाय रेषेभाईर व्हता." कुणी पाहिलंसुद्धा नव्हतं! हरलो.

बसमध्ये तिच्याशी कुणी बोलेना. परशा तेवढा शेजारी जाऊन बसला. "मी बी खरंच सांगितलं असतं," तो म्हणाला. "फकस्त कप घेतल्यावर!"

*

मग परशा वडलांबरोबर भिरंडं, म्हणजे कोकमाची फळं, काढायला रानात गेला आणि पिल्लंवाली अस्वलीण अंगावर आली. गाल फाटला, उजवा डोळा गेला. फोनला रेंज नाही. महादेवमामांनी त्याला पाठीवर घालून रस्त्यापर्यंत आणलं.

दवाखान्यात काय बोलायचं ते मी वाटेत ठरवत होते. बँडेजमधून त्यानंच विचारलं, "अक्का, माझ्या जागेवर कुणाला घेतलंस?"

"कुणालाच न्हाई रे."

"मग ऱ्हाऊ दे ती जागा."

मी जिन्यात येऊन रडले. एका डोळ्यानं अंतर कळत नाही, असं डॉक्टर आधीच सांगून गेले होते.

*

तो परत आला तेव्हा आमच्यातच दोन बाजू करून खेळलो. महादेवमामा कडेला उभे. सगळे परशाकडे डिस्क हळू सोडत होते. पूर्वी त्याला चिकटून अडवणारी सावित्री चांगली दोन हात लांब राहायची. दोनदा डिस्क त्याच्या हातून सुटली. तिसऱ्यांदा झेलली. आम्ही टाळ्या वाजवल्या.

त्यानं डिस्क जमिनीवर आपटली. "फाऊल!"

"कुणाचा?"

"सावित्रीचा."

"मी तर हात बी लावला न्हाई तुला!"

"व्हय. त्योच फाऊल."

सावित्रीनं माझ्याकडे पाहिलं. अंपायर नसतो आमच्यात. ती पुढे सरकून परशाला चिकटून उभी राहिली.

"मान्य," ती म्हणाली.

परशानं डिस्क फेकणाऱ्याकडे परत दिली आणि ती पुन्हा आली. या वेळी दोघं एकदमच उडाले. सावित्रीनं ती त्याच्या बोटांवरून उडवून लावली आणि परशा तोंडावर आपटला. महादेवमामा मैदानात धावले.

गालाचं रक्त पुसत परशा ओरडला, "आबा, रेषेभाईर व्हा! सावित्री, डिस्क तुमची!"