निष्ठा : दहापैकी दहा

रोडवाले काका गाडीला काय झालंय हे कधी विचारायचे नाहीत. गाडी ढकलत आणा, दोरीने ओढत आणा, छोट्या टेम्पोत टाकून आणा, त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "कोन्या रोडनं आली?" गिऱ्हाईक सांगू लागायचं की अहो आवाज येतोय, चढ ओढत नाही. काका तळहात दाखवून त्याला थांबवायचे आणि पुन्हा तेच विचारायचे. रस्ता कळल्याशिवाय पान्याला हात नाही. वारासिवनीकडून आलेल्या गाडीचा आधी एअर फिल्टर उघडायचे, कारण राइस मिलांचा कोंडा. किरनापूरकडची असली तर शॉकअप. लामत्याकडची असली तर हँडल धरून हलवून बघायचे. बहुतेक वेळा दुखणं तिथेच सापडायचं. त्यांचं खरं नाव बालाघाटात पोस्टमनलासुद्धा आठवत नसेल. सगळ्यांचे ते रोडवाले काका.

दुसरी गोष्ट म्हणजे ते बसायचे नाहीत. गॅरेजात एक लोखंडी स्टूल होतं, ते गिऱ्हाइकासाठी. काका चहा प्यायचे तो उभ्याने, जेवायचे तेही गाडीला टेकून. मी एकदा विचारलं तेव्हा त्यांनी तरुणपणचा किस्सा सांगितला. ते एका मोठ्या गॅरेजात कामाला होते. तिथे नवी मशीन आली, ती चालवणारी नवी माणसं आली, आणि मालकाने यांना दाराशी खुर्ची टाकून दिली. तुमचं तोंड पाहून गिऱ्हाईक येतं, आता आराम करा म्हणाला. काका चार दिवस बसले. पाचव्या दिवशी आपली हत्यारांची पेटी उचलून घरी आले. "पाय दुखते म्हनून बसनं येगळं आन् काम नाही म्हनून बसनं येगळं," असं ते म्हणाले. मला तो किस्सा भारी मजेशीर वाटला. मी हसले आणि पुढचा प्रश्न विचारला, शॉकअपबद्दल.

तो किस्सा मी तेव्हाच नीट ऐकला असता तर आज हे लिहायची वेळ आली नसती.

मी गेम बनवते. आमचा गेम ऑनलाइन आहे, आणि त्यात गाडी चालवायची नसते, गाड्या बनवणारी कंपनी चालवायची असते. रॅलीच्या गाड्या, म्हणजे खडकातून, चिखलातून, जंगलातून पळणाऱ्या. इंजिन कोणतं, स्प्रिंग किती कडक, ड्रायव्हर कोण, मिस्त्री कोण हे तुम्ही ठरवायचं आणि देशोदेशीच्या खेळाडूंच्या कंपन्यांशी भिडायचं. माझा भागीदार पुण्यात बसतो, मी इथे आईबाबांच्या घरी वरच्या खोलीत. आता सांगूनच टाकते, मी आयुष्यात एकही रॅली पाहिलेली नव्हती. त्यामुळे पहिल्या खेपेला आमच्या गेममधल्या गाड्या फासा टाकल्यासारख्या मोडायच्या. ज्यांना खेळून बघायला दिलं त्यांनी लिहिलं, गाडी मोडते ते ठीक, पण का मोडली ते समजत नाही.

नेमकी त्याच आठवड्यात माझी स्कूटी बंद पडली. काकांनी विचारलं, "कोन्या रोडनं आली?" आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. दुसऱ्या दिवशी लॅपटॉप घेऊन मी त्यांच्या स्टुलावर जाऊन बसले ती पावसाळा संपेपर्यंत उठले नाही. ते काम करता करता बोलायचे, मी लिहून घ्यायचे. कुठल्या मातीत काय झिजतं, कुठल्या वळणावर काय ढिलं होतं. त्यांचं एक वाक्य तर मी कागदावर लिहून भिंतीला चिकटवलं होतं: "मोठा खड्डा दिसते, मानूस सांभाळून घेते. गाडी मोडते बारक्या खड्ड्यायनं." आमच्या गेममधलं मोडण्याचं सगळं गणित या एका वाक्यावर उभं आहे. गेम बाजारात आला तेव्हा लोकांनी सगळ्यात जास्त कौतुक त्याचंच केलं. भागीदार फोनवर म्हणाला, "तुला हे सुचलं कुठून गं!" मी म्हटलं, अभ्यास केला. बघा, इथूनच सुरुवात होती.

तरी मनाला टोचणी नको म्हणून मी काकांना गेममध्ये घातलं. कंपन्यांनी नेमायचे मिस्त्री असतात ना, त्यातलं एक कार्ड त्यांचं. कानावर पेन्सिल, पांढऱ्या मिशा, खाली 'रोडवाले काका'. प्रत्येक मिस्त्रीला दहापैकी गुण असतात. यांना मी दिले पारख दहा, हात दहा, वेग चार, शिक्षण एक. आणि निष्ठा दहा. गेममध्ये ज्या मिस्त्रीला काम मिळत नाही तो थोड्या दिवसांनी कंपनी सोडून जातो, जितकी निष्ठा जास्त तितका उशिरा. दहावाला जातच नाही. अख्ख्या गेममध्ये निष्ठा दहा असलेलं कार्ड एकच होतं, आणि मला वाटत होतं मी त्यांचा सत्कार केला.

मी ते कार्ड दाखवायला गेले तेव्हा काका खूश झाले. वेग चार बघून म्हणाले बरोबर हाये. शिक्षणाचा आकडा बघून हसले, "एक तरी काहून देला?" त्यांची मुलगी शालू किरनापूरच्या शाळेत शिकवते. तिने त्यांच्या फोनवर गेम घालून दिला, इंग्रजी वाचून समजावून दिलं आणि काका स्वतःच खेळायला लागले. कंपनीचं नाव ठेवलं शालू मोटर्स. त्यांच्या गाड्या दणकट असायच्या आणि सावकाश जायच्या. रॅलीत खालून दुसरा-तिसरा नंबर यायचा, पण गाडी घरी चालत यायची, आणि याचं त्यांना कोण कौतुक.

मग एक दिवस ते स्वतःलाच कामावर ठेवायला गेले. मुख्य मिस्त्रीची जागा रिकामी होती, म्हणाले आपल्यापेक्षा कोण बरा. पण एक कार्ड एका वेळी एकाच कंपनीकडे राहतं, आणि हे कार्ड दुसऱ्या एका खेळाडूने आधीच घेतलेलं होतं. काकांनी मला बोलावून फोन पुढे धरला. "हा कोन हाये, आन् मी याच्याकडे काय करून राह्यलो?"

मी बघितलं. काहीच करत नव्हते. त्या खेळाडूकडे वेगाचे भरपूर मिस्त्री होते. त्याने काकांना घेतलं होतं ते दुसऱ्या कोणाला मिळू नयेत म्हणून. नेमलं आणि बाकावर ठेवून दिलं.

"मतलब बसवून ठेवलं मले," काका म्हणाले. "मंग मी निघून काहून नाही आलो?"

मी मोठ्या उत्साहाने निष्ठेचा नियम समजावून सांगितला. काका चिंधीने हात पुसत राहिले. हात स्वच्छ झाले तरी पुसत राहिले.

"पोरी, काम टाकून मी गेलो नाही, हे खरं हाये. पन कामाबिगर बसलो नाही कधी. तुले सांगतलं होतं."

सांगितलं होतं. मी हसले होते.

मी हे दहा आणले तरी कुठून? काकांना मी कधीही फोन करावा आणि त्यांनी उचलावा. मी कितीही वेळ स्टूल अडवून बसावं, त्यांनी उठ म्हणू नये. त्यांनी मला कधी ताटकळत ठेवलं नाही, म्हणून दहा. त्यांच्या आयुष्यात मी त्याआधी डोकावलेच नव्हते. माझ्या सोयीला मी निष्ठा असं नाव देऊन टाकलं होतं.

मी म्हटलं, काका, बदलून टाकते, पुढच्या अपडेटमध्ये. काकांनी विचारलं, कोणत्या दिवशी? त्यांचं तसंच असायचं. मंगळवार म्हणाले की मंगळवारी गाडी धुऊन पुसून दारात उभी. मी म्हटलं, रविवार सोडून पुढचा रविवार. त्या रविवारी त्यांचा फोन आला, "लागलो का कामाले?" मी म्हटलं, काका, जरा तांत्रिक अडचण आहे. पुढचा रविवार. मग त्याच्या पुढचा. ते रागावून विचारायचे नाहीत. पाऊस आला का तिकडे, अशा सुरात विचारायचे, "लागलो का कामाले?"

अडचण बिडचण काही नव्हती. काकांना बाकावर बसवणारा तो खेळाडू आमच्या गेमचे व्हिडिओ बनवायचा, त्याच्यामुळे नवे लोक यायचे. नियम बदलला तर तो बिथरेल, अशी मला भीती. आणि भागीदाराला सांगायचं काय? आमच्या गावातला मिस्त्री आपल्या कार्डावर रुसलाय म्हणून? त्याच्यापुढे मी अभ्यास करणारी होते ना! मी त्याला एका शब्दाने विचारलं नाही.

मी काकांच्या गल्लीतून जाणंच सोडलं. बाजारात जायला तोच सरळ रस्ता, पण मी राइस मिलच्या मागून वळसा घालून जायचे. एवढी शिकलेली बाई, स्कूटीवरून चोरासारखी मागच्या वाटेने. शेवटी ब्रेक गेला तेव्हा इलाज उरला नाही. काकांनी स्कूटी स्टँडवर घेतली. त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांनी कोन्या रोडनं आली, हे विचारलं नाही. चाकावरून हात फिरवला, ब्रेकमध्ये अडकलेला कोंडा बोटाने काढला आणि तो बघत उभे राहिले. चार महिन्यांचा कोंडा असेल तो.

"तिकडून येऊन राह्यली का आजकाल?" ते म्हणाले. "तिकडे काचा पडल्या हाये. टायर जाईन तुयं."

बस, इतकंच. ब्रेक नीट करून दिला. मी वाट बघत होते की आता विचारतील, लागलो का कामाले. उत्तरही तयार ठेवलं होतं, नेहमीचंच. त्यांनी विचारलं नाही. सांभाळून जाय, म्हणाले. मला धरणीने पोटात घ्यावं असं वाटलं, आणि तरीही घरी जाऊन मी तो नियम बदलला नाही. हे मला आजही सांगता येत नाही, का नाही बदलला. उद्या करू म्हटलं असेल.

त्यानंतर दीड महिन्याने काका गेले. छातीत दुखायला लागलं, गोंदियाला नेलं, तिथे तीन दिवस होते. मी उद्या जाते, उद्या जाते करत राहिले. कोणत्या तोंडाने जाणार होते?

तेरावं झाल्यावर शालूने मला गॅरेजात बोलावलं. शटर अर्धं उघडं होतं. तिच्या हातात काकांचा फोन होता. "हा गेम रोज काहीतरी विचारते गं, याचं काय करू?" ती म्हणाली. मी स्क्रीन बघितली. इंग्रजीत सूचना होती: 'मुख्य मिस्त्रीची जागा रिकामी आहे. त्वरित नेमणूक करा.' ते वाक्य मीच लिहिलेलं. मुख्य मिस्त्री नसला की प्रत्येक रॅलीत कंपनीचे गुण कापले जातात, तोही नियम माझाच. शालू मोटर्स सगळ्यात शेवटच्या नंबरावर होती. बाकी सगळ्या मिस्त्र्यांना काम दिलेलं होतं, एकही बाकावर नाही. फक्त ती एक जागा सात महिने रिकामी.

"मी म्हटलं होतं, बाबा, ठेवून घ्या कोणी दुसरा," शालू म्हणाली. "तर म्हने, ती जागा माही हाये. पोरीनं दिवस देला हाये मले."

मी घरी आले आणि बदल केला. दोन ओळी होत्या. ज्याला काम नाही तो महिन्याभरात निघून जाईल, त्याची निष्ठा कितीही असो. भागीदाराला फोन करून सांगितलं की हे का करायचंय, आणि त्या वर्षीचा सगळा अभ्यास कोणाच्या स्टुलावर बसून केला. तो म्हणाला, आधी का नाही बोललीस? करून टाक. सगळं मिळून अर्धा तास लागला. व्हिडिओवाला खेळाडू दोन दिवस ओरडला आणि तिसऱ्या दिवशी खेळायला परत आला.

महिना भरला तशी मी गॅरेजात गेले. काकांचं कार्ड मोकळं झालं होतं. त्यांच्याच फोनवरून मी त्यांना शालू मोटर्समध्ये घेतलं, मुख्य मिस्त्रीच्या जागेवर. जंगलातल्या बारक्या खड्ड्यांची एक रॅली लागली होती, तिथे नाव टाकून 'काम द्या' दाबलं.

शालू माझ्या खांद्यावरून बघत होती. "लागले का बाबा कामाले?"

"हौ," मी म्हटलं.

तिने काकांचं ते लोखंडी स्टूल ओढणीने पुसलं आणि माझ्यापुढे सरकवलं. मी उभीच राहिले.