रेमंडने शिकवलेला रस्ता

सौमित्र वैरागडे मूळचा नागपूरचा, आता अमेरिकेत फ्रीमाँटमध्ये स्थायिक. त्याची कंपनी खाणीतले ट्रक ड्रायव्हरशिवाय चालवणारं सॉफ्टवेअर बनवायची. त्या कामासाठी त्याला कॅनडाच्या पार उत्तरेला, हिऱ्यांच्या एका खाणीवर पाठवलं. विमानाखेरीज पोचायची सोय नाही, थंडी उणे चाळीस. निघताना मॅनेजरने बजावलं होतं, "ड्रायव्हर लोकांना खरं काय ते कळता कामा नये."

अकरा दिवस तो रेमंडच्या शेजारी केबिनमध्ये बसला. रेमंड तिथलाच, सव्वीस वर्षं ट्रक चालवणारा. दोनशे टन दगड घेऊन चढ चढताना तो रेडिओ बंद ठेवायचा. चाकांखालचा आवाज बदलला, की पुढे निसरडं आहे हे त्याला कळायचं. पहिल्याच दिवशी त्याने विचारलं, "हे मशीन आमच्या जागी येणार का?"

"छे! तुमच्या मदतीला आहे," सौमित्र म्हणाला.

मग रेमंडने हातचं काही राखलं नाही. त्याचा भाऊ ज्या वळणावर ट्रकसकट खाली गेला, तिथे थांबून ब्रेक नेमका कुठे सोडायचा तेही दाखवलं. सौमित्रने सगळं रेकॉर्ड केलं.

मार्चमध्ये अडतीस ड्रायव्हरांना काढलं. मीटिंग व्हिडिओवर झाली. डेमो सौमित्रनेच दिला, घरून. शेवटी रेमंड कॅमेऱ्यापुढे आला.

"माझ्या शेजारी बसला होतास, तेव्हा तुला माहीत होतं?"

"नाही."

सौमित्रची बायको रुचा ओट्याशी उभी होती. लॅपटॉप मिटल्यावर ती म्हणाली, "जायच्या आधीच तू मला सांगितलं होतंस."

"मग काय बोलू? ग्रीन कार्डची फाइल कंपनीच्या हातात आहे, यार!"

त्या दिवशी ती एकटीच जेवली.

मे महिन्यात रेमंडची ईमेल आली. 'त्या वळणावर आता बर्फ वितळून खालून पाणी सुटेल. वरून रस्ता कोरडा दिसतो. हे सांगायचं राहून गेलं. ट्रकमध्ये कोणी नसलं, तरी खाली माणसं पायी काम करतात.'

सौमित्रने ती दोनदा वाचली. रेमंडचं नाव काढून तोच मजकूर आपल्या नावावर मॅनेजरला पाठवला. सोमवारच्या मीटिंगमध्ये त्याच्यासाठी टाळ्या वाजल्या.

रेमंडला उत्तर लिहायला तो तीनदा बसला. चौथ्यांदा त्याने रेमंडचा पत्ता ब्लॉक केला.

दिवाळीच्या सुमारास त्याला बढती मिळाली. ग्रीन कार्डच्या रांगेत तो अजून उभाच आहे.