आणि त्यांचा गडी

साडी त्याने वरून टाकली. माझ्या आयेच्या पदरात. हाताला हात लागू नये म्हणून चांगली हातभर वरून. घडी सुटली, अर्धी साडी धुळीत पडली आणि समोर बसलेल्या गावाने टाळ्या वाजवल्या.

शोकसभेत टाळ्या. एवढीच त्या गावाची अक्कल.

साडी टाकणारा आमच्या गावचा खोत. खोती कायद्याने गेली होती, पण खोताच्या अंगातून ती कुठली जाते? आता तो सरपंच झाला होता. खादीची टोपी घालायचा. त्याच्यामागे शाळेच्या आवारात नवा चिरेबंदी चौथरा, त्यावर संगमरवरी पाटी, पाटीला झेंडूची माळ. माझ्या भावाला आणि शाळेच्या मास्तरांना मारलं त्याला वर्ष झालं होतं. त्यांचंच हे स्मारक.

मास्तरांच्या आईला वर मंचावर खुर्ची दिली होती. तिच्या अंगावर शाल, दोन्ही खांद्यांवरून नीट पांघरलेली. माझी आये खाली, लोकांनी चपला काढल्या होत्या त्या बाजूला. आल्या आल्या तिला सांगितलं, "थंय बस. हाक मारतलव तेवा ये." ती बसली. महारवाड्यातली बाई, जन्मभर अशीच बसत आली होती. मी तिच्या शेजारी. वेंगुर्ल्याच्या काजूच्या कारखान्यात मी बिया फोडत असे. त्या दिवशी खाडा करून आले होते. बोटं तेलाने काळी, सालपटं निघालेली.

माझा भाऊ सोनू. व्हाळाकडचा, म्हणजे ओढ्याकाठचा मळा आमची माणसं पिढ्यान्‌पिढ्या कसत होती. कूळकायदा आला तसा खोताने निरोप धाडला, मळा खाली करा. सोनू म्हणाला, "मळो सोडूचंय नाय." एवढंच. मास्तर ब्राह्मण, पण आमच्या वाडीत येऊन बसायचे, आमच्या कपातला चहा प्यायचे. कुळांचे अर्ज तेच लिहायचे. सोनूच्या सुनावणीला ते त्याच्याबरोबर मामलेदार कचेरीत गेले. निकाल आमच्या बाजूने लागला. दोघं सड्यावरून, त्या उघड्या कातळमाळावरून चालत घरी येत होते. चांगला उजेड होता. तिथे खोताच्या माणसांनी त्यांना गाठलं. कोयत्यांनी.

मारायचं होतं सोनूला. मास्तर मध्ये पडले.

गुरं राखणाऱ्यांनी सगळं पाहिलं होतं. कोर्टात मात्र त्यांनी काहीच पाहिलं नव्हतं. मारेकरी सुटून आले, तेव्हा खोताच्या खळ्यात त्यांना कोंबडीवड्यांचं जेवण झालं. वास आमच्या वाडीपर्यंत आला.

आणि आता सभा. त्याच मारेकऱ्यांतला एक जण पाहुण्यांना कोकमाचं सरबत वाटत होता. मास्तरांचे नातेवाईक मुंबईहून आले होते, म्हणून हा थाट. खोत कर्ण्यातून बोलला, एकदम शुद्ध मराठीत. "दरोडेखोरांच्या भ्याड हल्ल्यात गावाने एक रत्न गमावले. त्यांच्याबरोबर त्यांचा इमानी गडीही गेला."

दरोडेखोर. त्या उघड्या सड्यावर दरोडेखोर लुटणार काय, करवंदं?

इमानी. असं आपण कुत्र्याला म्हणतो.

मग त्याने पाटी वाचून दाखवली. मास्तरांचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, सगळं सोनेरी अक्षरांत. खाली बारीक अक्षरांत, 'आणि त्यांचा गडी'. माझ्या भावाला नावच नव्हतं. केस त्याची, मळा त्याचा, मरण त्याचं, आणि पाटीवर तो मास्तरांची पिशवी उचलणारा.

त्यानंतर आयेला हाक आली. त्यानंतर ती साडी.

आये धुळीतली साडी गोळा करायला वाकली. तिने दोन्ही हात जोडले. ते जोडलेले हात मी पाहिले आणि माझ्या आतून भीतीच निघून गेली. राग नाही म्हणत मी. किळस आली मला. त्या टोपीची, त्या झेंडूची, सरबत पिणाऱ्या त्या तोंडांची.

मी साडी उचलली आणि मंचाच्या पायऱ्या चढले.

"गो चेडवा, खंय चढतंस? खाली उतर!" कोणीतरी ओरडलं.

खोत मागे सरकला. विटाळ होईल म्हणून. मी मुद्दाम आणखी पुढे गेले आणि साडी त्याच्या छातीवर दाबली. माझी काळी बोटं त्याच्या सदऱ्यावर उमटली. मग कर्ण्याकडे तोंड करून म्हणाले, "माज्या भावाचा नाव सोनू गंगाराम जाधव. तो कोणाचो गडी नव्हतो. तेका हेंच्या माणसांनी मारल्यानी. ह्यो दरोडो नाय. ह्यो खून."

खोताची शुद्ध मराठी तिथल्या तिथे गळून पडली. "महारणीची जीभ बघा! भायर काढा हिका!"

मी मास्तरांच्या आईकडे वळले. "आजी, तुमका सगळा म्हायत आसा. बोला." तिला ठाऊक होतं. लेकाच्या अंगावरचे वार तिनेच धुतले होते. तिने माझ्याकडे पाहिलं, शाल ओढून घेतली आणि मान खाली घातली. लोक म्हणतात, म्हातारीची दया करावी. मला नाही आली. मुलगा कोयत्यापुढे उभा राहिला, आई शालीत लपली.

घरी जाताना आये रडत होती. "आता आमका हंय जगाक देतले काय गो?" नाही दिलं. दुकानदाराने मीठ बंद केलं. विहिरीची वाट काट्यांनी अडवली. व्हाळातल्या झऱ्याचं पाणी प्यायलो, मीठ मी वेंगुर्ल्याहून आणलं. मळा सोडला नाही.

पुढच्या वर्षी त्याच दिवशी आमची सगळी वाडी सड्यावर गेली, दोघं पडले होते त्या जागी. एक चिरा उभा केला. त्यावर सोनूचं नाव, मास्तरांचंही. तो माणूस आम्ही खोताकडे सोडणार नव्हतो. खाली एकच शब्द: खून. आये सर्वांच्या पुढे उभी राहिली आणि मोठ्याने म्हणाली, "माजो झील हंय पडलो." हात जोडले नाहीत तिने.

चिरा खोताच्या माणसांनी उखडून टाकला. आम्ही परत उभा केला. पुन्हा टाकला, पुन्हा केला.

आता तडजोडीचा निरोप आलाय. शाळेतल्या पाटीवर सोनूचं नाव घालतील म्हणे, पण सड्यावरच्या चिऱ्यावरून तो शब्द काढायचा. निरोप आणणाऱ्याला मी दारातूनच परत पाठवलं.

शब्द काढणार नाही. त्या शब्दाखाली जागा अजून मोकळी आहे. मारणाऱ्यांची नावं मी तिथे कोरून घेणार आहे, पाठवणाऱ्याचं सगळ्यात वर. आणि हे खोत जिवंत असतानाच करणार. त्याला वाचता येतं.