अमळनेरचा करार पारोळ्यात लागू नाही

ज्याला लिहिता येतं तो वहीत टिपतो आणि विसरून जातो. मी शाळेची पायरी चढले नाही, त्यामुळे माझं बठ्ठं, सगळंच्या सगळं, डोक्यात! अमळनेरच्या आमच्या ख्रिस्ती मंडळीत घरं वीस-पंचवीस, पण किस्से असे साठलेत की एक काढायला जावं तर चार त्याला लोंबत येतात. आज एका वर्षाचे तेवढे सांगते. नात लिहून घेतेय. हसता हसता काही चुकलं तर तिचं चुकलं.

आमच्यात रीत अशी, की नव्या वर्षाच्या पहिल्या रविवारी चर्चमध्ये एकेकाने उभं राहून देवाशी करार करायचा. धुळ्याहून येणारे पाळकसाहेब त्या दिवशी म्हणाले, "देव राजा आहे. राजाशी घासाघीस नसते. शब्द दिला की पाळायचा!" मग मागे लाजत बसलेल्या पोरींकडे बघून म्हणाले, "मुलींनी मनात केला तरी चालेल. देवाला ऐकू येतं."

माझी करुणा तेव्हा एकोणीस-वीसची. मी उभी राहिले आणि भरात बोलून गेले, "प्रभू, हिचं लग्न तुझ्या हाती. जे पहिलं स्थळ येईल, त्याला मी हो म्हणेन!" खाली बसता बसता शब्द परत घ्यावासा वाटला. पण सगळ्यांचं आमेन होऊन गेलं होतं.

*

आमच्या मंडळीतले वडीलधारे म्हणजे याकोबनाना, मिलमधून रिटायर झालेले. प्रार्थनेतसुद्धा एक गाल फुगलेला. त्यांनी करार केला, "आजपासून अमळनेरात तंबाखूला शिवणार नाही." लोकांनी टाळ्या वाजवल्या.

आठवड्याने कळलं, नाना रोज चारच्या एसटीने पारोळ्याला जातात. स्टँडवरच्या बाकावर बसून दोन बार भरतात, चूळ भरतात आणि सहाला परत! पासच काढला होता. मी झापलं, तर शांतपणे म्हणाले, "करार अमळनेरना शे, वहिनी. पारोळाना नही."

*

माझी नणंद एस्तेरअक्का. शेजारच्या कौसाबाईशी तिचं नळावरून रोजचं भांडण. अक्काने करार केला, "कौसाबाईला वाकडा शब्द बोलणार नाही."

नाहीच बोलली. म्हशीला बोलायला लागली! कौसाबाई दिसली की आंगणात उभी राहून मोठ्याने, "काय गं म्हशी, दुसऱ्याच्या बादलीत तोंड घालतेस, लाज नाही वाटत?" भिंतीपलीकडून कौसाबाई आपल्या शेळीला, "तू लक्ष देऊ नको गं बाई. म्हाताऱ्या म्हशी अशाच बरळतात!"

महिनाभरात म्हैस आटली. अक्का म्हणे, "तिने मनाला लावून घेतलं."

*

दानीएलभाऊ मूळचे सावद्याचे, केळीच्या व्यापारातले. त्यांनी सगळं देवाच्या इच्छेवर सोडलं. ट्रकवाला विचारायचा, "भाऊ, माल कधी भरू?" भाऊ म्हणायचे, "देवाची इच्छा." घड पिवळे पडले, मग काळे पडले.

घरी बायको मार्था विचारायची, "भाजी कोणती करू?" "देवाची इच्छा." तिसऱ्या दिवशी भाऊ पाटावर बसले, तर पुढ्यात रिकामं ताट!

"हे काय?"

"देवाची अजून काही इच्छा झालेली दिसत नाही."

भाऊंनी रिकामं ताट तिच्याकडे सरकवलं. मग हळूच म्हणाले, "बटाट्याची कर."

*

पाळकसाहेबही सुटले नाहीत. त्यांचा उपदेश लांबायचा, म्हणून त्यांचा करार, "अर्ध्या तासापुढे एक शब्द बोलणार नाही." मनगटावर वाजणारं नवं घड्याळ बांधलं.

फेब्रुवारीत अब्राहामाची गोष्ट लावली. देवाने सांगितलं, मुलाचं बलिदान दे. बाप ऐकणारा, निघाला. मुलाला लाकडांवर बांधलं. सुरी वर उचलली...

टी-टीट!

"बाकीचं पुढच्या रविवारी," म्हणून साहेब खाली बसले.

आम्हाला पुढचं ठाऊक होतं. नानांना नव्हतं! इतकी वर्षं ते नेमके तिथेच थुंकायला बाहेर जायचे. आता तोंड रिकामं, म्हणून पहिल्यांदाच बसून ऐकलं. जेवण जाईना, झोप येईना. दुसऱ्या दिवशी थेट धुळ्याला साहेबांच्या दारात. "साहेब, पोऱ्या वाचना का?"

साहेब म्हणाले, "वाचला, नाना. देवाने ऐन वेळी बापाला थांबवलं. झुडपात मेंढा अडकला होता, त्याचं बलिदान झालं."

नानांचे डोळे भरून आले. धुळ्यातही करार लागू नव्हता. तिथेच बार भरला.

*

मार्चमध्ये करुणाला पहिलं स्थळ आलं. भुसावळचे. वय पन्नाशीचं, बायको वारलेली, वरचे दात नवे आणि चहा पिताना जागा सोडणारे. मी तीन दिवस रडले. साहेबांकडे गेले, तर म्हणाले, "बाई, शब्द तुम्ही दिलाय." अक्का म्हणाली, "झुडपाकडे लक्ष ठेव." नाना म्हणाले, "मी आलो असतो, पण बैठक चारला. माझी गाडी!"

पाहुणे उशिरा आले, साडेपाचला बैठक बसली. साहेबांनी आज्ञापालनावर बोलायला सुरुवात केली, चांगलं लांबवलं, मग माझ्याकडे वळले. "बोला, बाई."

मी डोळे मिटून म्हणाले, "हो."

पाहुणे हसले. दात सावरले.

करुणाने पोह्यांचा ट्रे खाली ठेवला. "आईने तिचा करार पाळला. आता मला माझा पाळू द्या."

"तुझा कुठला?" साहेबांनी विचारलं.

"त्याच रविवारचा. आई बोलून खाली बसली आणि मी मागच्या बाकावर मनातल्या मनात केला. आई ज्या पहिल्या स्थळाला हो म्हणेल, त्याला मी नाही म्हणेन. तर, नाही!"

सगळे साहेबांकडे बघायला लागले. साहेबांनी बोलायला तोंड उघडलं.

टी-टीट!

साहेबांनी तोंड मिटलं.

पाहुणे चहा न घेता उठले. त्यांची रिक्षा वळते न वळते, तोच नाना पारोळ्याच्या गाडीतून उतरून धापा टाकत दारात.

"वहिनी, पोर वाचनी का?"