मुरूम सर आणि निळीची पुडी

मुरूम सर माती तोंडात घालून बघायचे. चिमूटभर जिभेवर ठेवायची, डोळे मिटायचे, मग थुंकून सांगायचे, "चुनखडी हाय हिच्यात. पांढऱ्यासाठी ठिवा." नव्या पोरांना वाटे, मास्तर येडे आहेत. जुन्या पोरांनाही तसंच वाटे, पण त्यांना ते आवडायचे. सदऱ्याला कायम तांबडा मुरूम लागलेला, म्हणून हे नाव. खरं नाव कुणी घेत नसे.

कारखान्याच्या शाळेत ते चित्रकला शिकवत, आणि विज्ञानाला कुणी टिकत नसे म्हणून विज्ञानही. तरी कितीतरी वर्षं ते हंगामीच होते, आमच्या घरच्या ऊसतोड्यांसारखे. कारखाना सहकारी, म्हणजे कागदावर आम्हा सगळ्यांचा. हलायचा मात्र चेअरमनसाहेबांच्या मानेवर. त्या दुष्काळी उन्हाळ्यात सरांनी चित्र आणि विज्ञानाचं शिबिर काढलं. शिबिर पसंत पडलं तर कायम करू, असा साहेबांनी शब्द दिला होता. सरांच्या बायकोने तेवढ्यावर नवससुद्धा बोलून ठेवला.

माझे आईबाप तेव्हा नुकतेच तोडीवरून परतले होते. "काय देत्यात तिथं?" आईने विचारलं. दुपारची खिचडी, मी म्हणाले. लगेच परवानगी मिळाली.

"रंग दुकानात नसतेत, पायाखाली असतेत," सर म्हणायचे. आम्ही माती कुटून वस्त्रगाळ करायचो आणि बाभळीच्या डिंकात कालवायचो. सकाळी विहिरी मोजायच्या. कासऱ्याला गाठी मारून दगड सोडायचा. पाणी असलं तर डुबुक, नसलं तर ठप्प. त्या वर्षी बहुतेक ठिकाणी ठप्प. मग शाळेच्या लांब भिंतीवर एकेक विहीर उभी कापल्यासारखी काढायची: वर काळी माती, खाली मुरूम, त्याखाली खडक, आणि तळाला पाणी.

आईबाप बघायला येणार म्हणून मी आमच्या विहिरीत कोळसा उगाळून थोडं पाणी काढलं. सरांनी ओल्या फडक्याने ते पुसलं. "वाटतं ते काढायचं न्हाई, दिसतं ते काढायचं. तुमची हीर कोरडी हाय ना? मग तुला लाज कावून वाटती, बाई?" मला रडू आलं. पाण्याचा निळा कुठल्याच मातीत सापडेना, तेव्हा धोतराला घालतात ती नीळ त्यांनी विकत आणली आणि पुडी कपाटात कुलपात ठेवली.

समारोपाच्या आदल्या दिवशी साहेब स्वतः भिंत बघायला आले. आमच्या शेताला लागूनच त्यांचा मळा. सगळ्यांत खोल विहीर तिथली, आणि तिच्या तळाला आणखी बोअर मारलेली. हेडमास्तर घाईघाईने पुढे झाले. "ही वगळायला सांगतो साहेब," ते म्हणाले.

साहेब उलट खूश. "वगळता कावून? अशी हीर हाय का कुनाची पंचक्रोशीत? भरा की दाबून निळा. एवढा फिक्का का ठिवला?"

सरांनी कपाटाचं कुलूप काढलं. मग पुडी माझ्या हातात देऊन म्हणाले, "भर, बाई. हाय तेवढं भर." जवळजवळ सगळी नीळ त्या एका विहिरीत गेली.

समारोपाला सर इस्त्रीचा सदरा घालून आले होते. साहेबांनी आपल्या विहिरीपुढे उभं राहून फोटो काढून घेतला, सहकारावर भाषण केलं. टाळ्या पडत होत्या तेवढ्यात आई भिंतीपाशी आली. "आपली हीर कुठली गं?" मी दाखवली. ती बघतच राहिली. उसाच्या फडात हाका मारून कमावलेला तिचा आवाज; तिला हळू बोलताच येत नसे. "आपली ठनठनीत कोरडी, आन् बांधाच्या पल्याड एवढं निळं. म्हंजी आपलंच पानी की गं तिकडं."

मांडवात कुणीतरी हसलं. मग लोक उठून आपापली विहीर शोधायला भिंतीकडे निघाले. साहेबांनी गळ्यातला हार टेबलावर ठेवला आणि चहा न घेता गेले.

दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांचा हुकूम आला: ज्याने भिंत रंगवली त्यानेच ती पांढरी करायची. सरांनी पिंपात चुनकळी टाकून टँकरचं पाणी ओतलं. पिंप खदखदायला लागलं. आम्ही रडवेले, आणि सरांनी आम्हाला भोवती उभं केलं. "लांबूनच हात धरा. धग लागती? चूल न्हाई, जाळ न्हाई, तरी उकळतंय. कावून, ते सांगा." हा त्यांचा शेवटचा तास. पुडीतली उरलीसुरली नीळ त्यांनी चुन्यात झटकली. नीळ घातली की चुना जास्त पांढरा दिसतो. संध्याकाळपर्यंत भिंतीकडे बघवेना इतकी ती पांढरी झाली.

जूनमध्ये सरांच्या जागी साहेबांच्या नात्यातला एक जण आला, तोही कायम होऊनच. भिंतीवर पाणी वाचवण्याची घोषणा आली. माझा राग अजून गेलेला नाही, आणि तो जावा असं मला वाटतही नाही.

आता मी विहिरींची पातळी मोजायच्या नोकरीत आहे. कोरडी असली की कोरडीच लिहिते. वरच्यांना ते रुचत नाही. परवा मांजरसुंब्याला चहाला थांबले, तर धाब्यामागे एक म्हातारा पाण्याचा टँकर रंगवत होता. सदऱ्यावर मुरूम नव्हता, तरी मी ओळखलं. टँकरवर चेअरमनसाहेबांच्या मुलाचं नाव होतं आणि सर त्याखाली लाटा काढत होते.

"काय म्हनती तुमची हीर?" त्यांनी विचारलं.

"कोरडी, सर. पण तुम्ही हे... यांचं..."

त्यांनी निळ्या रंगाचा डबा तिरपा करून दाखवला. काठोकाठ भरलेला. "दिसतं ते काढायचं, बाई," ते म्हणाले. "पानी आता हितंच दिसतं."